चिंच कुठं आहे

सहादेव मासेमार होता आणि पाण्याला भ्यायचा. लोक हसायचे, हसणाऱ्यांचं काय जातं! एकाहत्तर साली धरणाचं पाणी चढलं, टाकळवाडी बुडाली आणि कासरा धरणाऱ्या हातात वल्हं आलं. ज्या रानात नांगर चालवला त्याच्यावरून आता होडी चालवायची, खाली आठ-दहा पुरुष खोल पाणी. होडीत पाय ठेवला की तो आधी काठ किती लांब ते बघायचा.

गेल्या उन्हाळ्यापासून तर विचारूच नका. त्याचा धाकटा भाऊ गोरक्षनाथ जाळं टाकायला उभा राहिला, तेव्हा "चिंच लांब हाय, टाक बिनघोर," असं सहादेवच म्हणाला होता. गावातली वाट न् वाट पायाखालची, पाण्याखालची जुनी चिंच कुठं आहे हे काय त्याला ठाऊक नसणार? पण वरून पाणी सगळीकडं सारखंच दिसतं. जाळं बुडालेल्या चिंचेत अडकलं. दोर गोरक्षनाथच्या मनगटाला गुंडाळलेला होता, आणि तो कापायला सहादेवच्या हाती विळा येईपर्यंत गोरक्षनाथ खाली गेला, तो वर आलाच नाही. आपण काय बोललो होतो ते सहादेवने कुणालाही सांगितलं नाही. भावजय छबूबाई ताटात भाकरी वाढायची, तेव्हा त्याला मान वर करवत नसे.

अशात मासेमारांच्या सोसायटीला पाण्याचा तळ दाखवणारं यंत्र मिळायचं ठरलं. मत्स्य खात्याचे साहेब एका सकाळी जीपमधून दोन पेट्या घेऊन आले. "दोन्ही वापरून बघा. एक ठेवा, एक मी परत नेतो." चकती पाण्यात बुडवायची, ती आवाज सोडते, तो तळाला आपटून परत येतो आणि पेटीतली सुई कागदावर तळाची काळी रेघ काढते. चकती होडीच्या कडेला बांधायला नागापूरच्या एका कारखान्यातून लोखंडी नळ्याही करून आणल्या होत्या. निवड करायचं काम सोसायटीने सहादेववर टाकलं. बुडालेलं गाव त्याच्याइतकं कोण जाणतं?

सहादेवला हे काम नकोच होतं. आता होडीत त्याच्या जोडीला अल्लाबक्ष लोहाराचा कादर असायचा, चार महिन्यांच्या लेकीचा बाप. आपण पुन्हा चुकलो तर यंदा कादर जाईल, एवढंच त्याच्या डोक्यात घुमत होतं.

"आधी माझ्या हिरीवर चला," तो म्हणाला. टेकडीवरचं देऊळ आणि काठावरचा पांढरा खडक एका रेषेत आले, तशी त्याने होडी थांबवायला लावली. पहिलं यंत्र सुरू झालं. रेघ सरळ चालली आणि एकदम खोल खड्ड्यात उतरली.

"दादा, हीर!" कादर ओरडला.

सहादेवच्या डोळ्यांत पाणीच आलं. बापाने स्वतः सुरुंग लावून खणलेली विहीर, आणि तिचा तळ असा कागदावर! दुसऱ्या यंत्राने मात्र तिथंच सपाट जमीन दाखवली.

"ह्ये खोटं बोलतंय," सहादेव चिडून म्हणाला. "पयलंच ठेवा."

"खोटं नाही हो," साहेब हसले. "पहिल्याचा आवाज विहिरीत सोडलेल्या बादलीसारखा सरळ खाली जातो. दुसऱ्याचा धान्याच्या राशीसारखा खाली पसरतो, मग खड्डा त्याला कळत नाही."

निवड झाली म्हणून होडी माघारी वळली. पहिलं यंत्र चालूच होतं. कागदावर तळ स्वच्छ दिसत होता, वर माशांचे ठिपके. कादर हरखून उभा राहिला आणि त्याने जाळ्याला हात घातला.

"साफ हाय, दादा. टाकू का हितंच?"

सहादेवने काठाकडं पाहिलं. नव्या वस्तीच्या वेशीचा दगडी कट्टा समोर होता. गोरक्षनाथ गेला ती ही चिंचेचीच जागा! पण झाड नेमकं कुठं, ते आजही त्याला सांगता येत नव्हतं.

"बस खाली!" तो किंचाळला. "साहेब, दुसरं लावा. लौकर लावा!"

नळी बदलेपर्यंत तो कादरचं मनगट धरून बसला. मग सुई हलली आणि कागदावर तळापासून वर येणारा एक काळा ढिगारा उमटला. झाड होडीच्या बाजूला होतं, फार तर पाच-सात हातांवर. पहिल्या यंत्राला त्याचा पत्ताच नव्हता. कादरने जाळं मागं सरकवलं.

"ह्येच ठेवा," सहादेव म्हणाला.

"यात तुमची विहीर दिसायची नाही, बरं का."

"न दिसू द्या. हीर कुनाला वढून न्हेत न्हाई." मग तो कादरकडं वळला. "त्या दिशी गोरक्षला टाक म्हनून मीच म्हनलो हुतो. चिंच लांब हाय म्हनलो."

"मला काय सांगता, दादा," कादर हळू आवाजात म्हणाला. "छबूवैनीला सांगा."

होडी काठाला लागली. एरवी जमिनीला पाय टेकले की सहादेवची भीती पळायची. आज ती दुप्पट झाली. छबूबाई काठावर टोपल्या धूत होती. साहेबांनी फाडून दिलेला कागदाचा तुकडा मुठीत धरून तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"छबू," तो म्हणाला, "ह्यो कागद बघ. ही आपली चिंच. आन् आता मी काय सांगतो ते ऐक."