हरिणखेडे सर सगळ्यात शेवटी

"ही संदर्भसूची आहे का लग्नपत्रिका?" मी विचारलं. कविता यादी घेऊन समोर उभी.

दुपारचे दोन वाजलेले. पाचला थीसिस जमा करायची मुदत संपणार होती. चुकली तर तिचं पीएचडीचं रजिस्ट्रेशनच रद्द. मी कॉलेजचा ग्रंथपाल. संदर्भसूची तपासणं माझं काम. माहिती कोणाकडून घेतली त्याची ही शेवटची यादी. ती आडनावांच्या अक्षरक्रमानं लावतात, म्हणजे शोधणाऱ्याला पटकन सापडतं.

कवितानं ती मानानं लावली होती! सगळ्यात वर तिचे गाईड हरिणखेडे सर, 'आदरणीय' लावून. मग वयानं मोठे लेखक. वारलेल्यांना 'कै.'. पार तळाला दरेकसा गावच्या फुलनबाई उईके. मोहफुलांचं अख्खं प्रकरण त्यांनी सांगितलेल्या माहितीवर उभं होतं.

"अवं, कावून केलं असं?"

"मोठ्या माणसाले खाली कसं टाकू जी? बरं दिसते का?"

मी कपाळाला हात लावला. दोघं कॉम्प्युटरपुढे बसलो. 'आदरणीय' उडवलं, 'कै.' उडवले. उईके वर चढल्या, हरिणखेडे तळाला गेले. साडेतीनला प्रिंट घेऊन सरांच्या केबिनमध्ये. त्यांची सही झाली की सुटलो.

सरांनी सरळ शेवटची पानं उघडली. बोट वरून निघालं ते खालीच जात राहिलं.

"मी शेवटी? आणि ही फुलनबाई कोण?"

"मोहफुलं वेचतात सर. दरेकसाच्या."

"त्या माझ्या वर?" पेन परत खिशात गेला. "पहिल्या नावानं लावा ना यादी."

सरांचं पहिलं नाव अनिल. वा रे हुशारी!

कविताचे डोळे भरून आले. माझं टाळकं सटकलं. तडक लायब्ररीत गेलो आणि संशोधन कसं लिहावं यावरचं सरांचंच पुस्तक आणून पुढ्यात उघडलं. यादी आडनावानंच लावावी, मानपान पाहू नये, असं त्यांनी स्वतः लिहिलेलं.

सरांनी ते दोनदा वाचलं. चष्मा पुसला.

"लिहिताना आपलं आडनाव ध्यानात नव्हतं राहिलं," म्हणाले, आणि सही केली. पावणेपाचला थीसिस जमा झाली.

पुढे कविता एक प्रत घेऊन दरेकसाला गेली. फुलनबाईंना नाव दाखवलं.

"सायबाच्या वर माहं नाव? सायबाले राग नाई आला?"

"आल्ता ना जी," कविता म्हणाली.

तेव्हापासून पीएचडीवाल्यांना मी दोनच गोष्टी सांगतो. यादी आडनावानं लावा. आणि गाईडला ती सही झाल्यावर दाखवा.