संदेश सांगायचा तो गोल

संदेश गेल्याचं मला रेश्माने, म्हणजे त्याच्या बायकोने, फोन करून कळवलं. सकाळची वेळ होती. सिंगापूरच्या चांगी बिझनेस पार्कमधल्या ऑफिसात मी नुकती जागेवर बसले होते. रेश्मा कामाच्या वेळेत कधी फोन करत नाही, म्हणून नाव दिसताच मी फोन उचलला. "ताई, ते कामावर असताना पडले... उठलेच नाहीत," एवढंच ती म्हणाली. माझा धाकटा भाऊ, चाळिशी जेमतेम ओलांडलेला, हृदय बंद पडून गेला. दुपारी हॉस्पिटलच्या बाकावर आम्ही दोघी नुसत्या बसून होतो. नाशिकरोडला आईला कसं सांगायचं याची जुळवाजुळव मी मनात करत होते, तेवढ्यात माझ्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने फोनवर काहीतरी पाठवलं. संदेशच्या जुन्या आइस हॉकी क्लबने त्याचा हसरा फोटो टाकला होता आणि खाली लिहिलं होतं, आमच्या विजेत्या परिवारातला लाडका सँडी आज आपल्यात नाही. आईला अजून कळलं नव्हतं, आणि ज्यांनी त्याला हाकलून दिलं होतं त्यांची हळहळ व्यक्त करून झालीही होती.

क्लबचं नाव मी लिहिणार नाही. त्यांना आणखी थोडी प्रसिद्धी कशाला द्यायची...

संदेश फिजिओथेरपिस्ट होता. पुण्यात शिकला, तिथेच काही वर्षं कबड्डीपटूंचे गुडघे आणि खांदे सांभाळले. मी सिंगापूरला होतेच, माझ्या मागोमाग तोही आला. एका व्यावसायिक आइस हॉकी संघात काम मिळालंय असं त्याने सांगितलं तेव्हा मला वाटलं, हा थट्टा करतोय. बारा महिने घाम पुसणाऱ्या या शहरात बर्फावरची हॉकी, आणि तीही पगारी खेळाडूंची. आई व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "अरे, बर्फ म्हणजे आपल्याला उसाच्या रसातला माहीत. त्यावर पोरं खेळतात? पडतील की." "त्यासाठीच मला ठेवलंय, आई," तो म्हणाला. पहिल्या महिन्यात तो स्वतःच इतका आपटला की त्याच्या कंबरेला रेश्मा शेक देत होती. पण शिकला. बर्फावर उभं राहता येत नसेल तर पडलेल्या माणसापर्यंत पोचणार कसं, असं त्याचं म्हणणं. परदेशी खेळाडूंनी त्याचं नाव सँडी करून टाकलं. त्याला ते आवडायचं नाही, पण बोलला नाही कधी. संघात एकच जण त्याला पूर्ण नावाने हाक मारायचा. वेई जी.

वेई जी हा इथलाच, बुकित बातोकमध्ये संदेशच्या फ्लॅटपासून दोन ब्लॉक सोडून राहणारा बावीस वर्षांचा मुलगा. वडील नव्हते, आई एका शाळेच्या ऑफिसात नोकरी करायची. इथली सक्तीची लष्करी सेवा उरकून तो थेट संघात आला होता. बाकीचे बहुतेक खेळाडू फिनलंडचे, कॅनडाचे. त्यांच्यापुढे हा चणीने लहान. पहिल्या दिवशी संदेशकडे मांडीचा स्नायू दाखवायला आला आणि वाक्याला 'लाह' जोडायच्या इथल्या सवयीने म्हणाला, "तुझं खरं नाव सांग. सँडी म्हणजे बीच वाटतो, लाह." मग बसून 'संदेश' नीट म्हणायला शिकला. संदेश घरी येऊन हे सांगत होता तेव्हा त्याचा चेहरा मला आठवतो... परक्या देशात आपलं नाव कुणी नीट उच्चारलं तर माणूस किती लवकर विरघळतो.

त्या मोसमाची सुरुवात वाईट झाली. संघ लागोपाठ हरत गेला, रिंकमधल्या, म्हणजे बर्फाच्या मैदानाभोवतीच्या, खुर्च्या रिकाम्या, आणि मॅनेजर डेस्मंड रोज कुणावर तरी खेकसायचा. मोसमाच्या मध्यावर मुख्य आघाडीपटूचा खांदा निखळला म्हणून नाइलाजाने वेई जीला पहिल्या फळीत घेतलं, आणि तिथून चित्र पालटलं. मुलगा वेगवान होता, आणि धडक चुकवण्यात तरबेज. संघ जिंकायला लागला. संदेश जेवताना हातातल्या चमच्याने पक, म्हणजे ती काळी रबरी चकती, कशी फिरली ते ताटात दाखवायचा आणि रेश्मा ओरडायची, "वरण सांडतंय." साखळीतला शेवटचा सामना जिंकून संघ कसाबसा बाद फेरीत, प्लेऑफमध्ये, पोचला. वर्तमानपत्रांत वेई जीचे फोटो यायला लागले. आमच्या मराठी मंडळातली माणसं, ज्यांनी तोवर संदेशला "म्हणजे मसाज वगैरे करतोस ना" असं विचारलं होतं, ती आता "आमचा संदेश" म्हणू लागली.

उपांत्य सामन्यात वेई जीला मागून धक्का बसला आणि त्याचं डोकं कडेच्या फळीवर आदळलं. तो लगेच उठला, हसलाही. संदेशने बाकावर त्याला विचारलं, आपण कुणाशी खेळतोय. वेई जीने आदल्या आठवड्यातल्या संघाचं नाव सांगितलं. संदेशने त्याला परत बर्फावर जाऊ दिलं नाही. सामना कसाबसा जिंकला, संघ अंतिम फेरीत गेला. दुसऱ्या दिवशी वेई जीला उजेड सोसेना, गाडीच्या दरवाजाचा आवाज सोसेना, दोनदा उलटी झाली. संदेशने डेस्मंडला सांगितलं, हा अंतिम सामना खेळणार नाही. मेंदूला मार आहे. वर आणखी एक बसला तर काय होईल सांगता येत नाही.

डेस्मंड म्हणाला, "तो स्वतः म्हणतोय ठीक आहे. तू फिजिओ आहेस, डॉक्टर नाहीस."

"मग डॉक्टर आणा," संदेश म्हणाला.

त्यांनी आणला. कुठला तरी ओळखीचा डॉक्टर आला, वेई जीशी दोन शब्द बोलला, डोळ्यांत टॉर्च मारला आणि खेळायला हरकत नाही म्हणून गेला. वेई जी तर पढवल्यासारखी उत्तरं देत होता. त्याचं तरी काय चुकलं? सहाव्या वर्षापासून ज्या दिवसाची वाट पाहिली तो दिवस दारात, आणि कोण त्या वयात म्हणेल की मला दुखतंय. संदेशला त्याचा राग नव्हताच. तो सरळ दोन ब्लॉक चालत त्याच्या आईकडे गेला आणि जे होतं ते तिला सांगितलं. हे डेस्मंडला कळलं. खेळाडूची खासगी माहिती बाहेर सांगितली, संघाचं मनोबल खच्ची केलं, असे मोठमोठे शब्द वापरून अंतिम सामन्याच्या आधी संदेशला काढून टाकलं. रिंकमध्ये खेळाडूंच्या भागात शिरायचा पासही काढून घेतला. संघातल्या एकानेही तोंड उघडलं नाही. ज्यांचे गुडघे त्याने उभे केले होते त्यांनीसुद्धा नाही. आणि त्याच आठवड्यात मंडळातल्या एका काकांचा त्याला फोन आला, "अरे, अंतिम सामन्याची चार तिकिटं जमतील का बघ ना." काढून टाकलंय म्हणाल्यावर काका म्हणाले, "अच्छा, पण ओळख तर असेलच की आत."

वेई जीच्या आईने मुलाला पुष्कळ समजावलं. तो ऐकेना. शेवटी तिनेच संदेशला निरोप पाठवला, माझ्या शेजारी येऊन बस, मला यातलं काही कळत नाही. खेळाडूंच्या घरच्यांसाठी ठेवलेल्या खुर्च्या होत्या. रेश्मा म्हणाली, मला त्या माणसांची तोंडंही बघायची नाहीत. म्हणून संदेशबरोबर मी गेले. स्वेटर घालून, त्या माणसांच्या गोंगाटात, एका बाजूला भाऊ आणि एका बाजूला हातरुमाल पिळत बसलेली ती बाई... खेळ मला फारसा कळत नव्हता. मी संदेशकडेच बघत होते. तो पक बघत नव्हता, फक्त वेई जीला बघत होता. शेवटच्या भागापर्यंत बरोबरी होती. मग वेई जीने गोल केला आणि अख्खी रिंक उभी राहिली. संदेशही उभा राहिला. दोन्ही हात वर करून, घसा फाटेपर्यंत ओरडला. मग एकदम खाली बसला आणि तोंड ओंजळीत धरलं.

त्यानंतर थोड्याच वेळाने वेई जी दोघांच्या मध्ये सापडला. धडक तशी मोठी वाटली नाही. तो गुडघ्यावर बसला, उठला, चुकीच्या दिशेने दोन पावलं सरकला. संदेश तोवर पायऱ्या उतरून खाली धावला होता. फाटकावर सुरक्षारक्षकाने त्याला अडवलं. पास? पास नव्हता. मी वरून बघत होते, माझा भाऊ काचेपलीकडच्या त्या मुलाकडे बोट दाखवून रक्षकाला काहीतरी समजावतोय, आणि रक्षक मान हलवतोय. आत नवा फिजिओ वेई जीला पाणी देत होता. शिट्टी झाली, संघ जिंकला. चषक वेई जीच्या हातात दिला तेव्हा त्याने डोळे घट्ट मिटून घेतले होते. लोकांना वाटलं आनंदाने. तोच फोटो सगळीकडे छापला गेला, अजूनही तांजोंग पगार भागातल्या एका बिल्डिंगमध्ये लिफ्टशेजारी लावलेला आहे. मी ऑफिसच्या कामाने तिथे जाते तेव्हा दुसऱ्या लिफ्टने जाते.

पुढचं लवकर सांगते, कारण ते लवकर सांगण्यासारखंच आहे. नोकरी गेली की इथला वर्क पास, म्हणजे कामाचा परवाना, जातो. थोडक्या मुदतीत दुसरं काम मिळालं नाही तर देश सोडायचा. संदेशने बऱ्याच ठिकाणी विचारलं. खेळाच्या क्षेत्रात सगळे गोड बोलले आणि कुणी घेतलं नाही. डेस्मंडचे फोन आधीच पोचलेले असायचे. शेवटी एका वृद्धाश्रमात त्याला काम मिळालं. पक्षाघात झालेल्या आजी-आजोबांना उभं करणं, चालवणं. ते काम त्याने मन लावून केलं, पण पूर्वीसारखा बोलायचा नाही. जेवताना ताटात काही दाखवायचा नाही. मी कितीदा म्हटलं, तक्रार कर, वर्तमानपत्रात जा. तो म्हणायचा, "ताई, मुलाने स्वतः होकार दिला, डॉक्टरने होकार दिला. मी एकटा नाही म्हणालो, एवढंच." क्लबने पुढच्या मोसमात वेई जीला घेतलं नाही. तंदुरुस्त नाही, असं कारण दिलं. खरंच होतं ते. त्याला उजेड सोसत नव्हता, वाचता येत नव्हतं, बोलता बोलता शब्द हरवायचे. डेस्मंडला बढती मिळाली.

दर रविवारी दुपारी वेई जी संदेशकडे यायचा. संदेश आधीच हॉलचे पडदे ओढून ठेवायचा, पंखा बंद करायचा कारण त्याची घरघर मुलाला त्रास द्यायची, आणि मानेचे, डोळ्यांचे व्यायाम करून घ्यायचा. दीड वर्ष, एकही रविवार न चुकता. डॉक्टर मंडळींनी सांगितलं होतं की सुधारणा आता फारशी नाही. संदेशलाही ते माहीत होतं.

अंत्यविधीला क्लबचा पुष्पहार आला. माणसाएवढा मोठा, क्लबच्या रंगांची रिबीन, त्यावर 'सँडी'. बरोबर डेस्मंडही आला, काळा सूट घालून. आम्ही सगळे पांढऱ्या कपड्यांत होतो. त्रिशरण-पंचशील सुरू झालं तेव्हा त्याने कुणाला तरी विचारलं, "किती वेळ चालेल?" नंतर माझा हात धरून म्हणाला, संदेश संघाचा आत्मा होता. मी हात सोडवून घेतला. रेश्मा मात्र बोलली, शांतपणे, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "संघाचा आत्मा असता तर तुम्ही त्याला फाटकावर अडवलं नसतं." डेस्मंड वळला. बाहेर जाऊन फोनवर बोलत उभा राहिला. वेई जी मागच्या रांगेत आईचा हात धरून बसला होता, गॉगल लावून. लोकांना वाटलं, रडतोय म्हणून लावलाय.

संदेशला जाऊन आता काही आठवडे झालेत. रविवारी मी रेश्माकडे जाते. पहिल्या रविवारी ती स्वयंपाकघरातून आली आणि पडदे ओढायला लागली. मी म्हटलं, "रेश्मा, आता कशाला?" तेवढ्यात बेल वाजली. वेई जी आला होता. येऊन आपल्या जागी बसला. व्यायाम कोण घेणार... आम्ही तिघं अंधारात बसून राहिलो. मग तो मला म्हणाला, "आंटी, तू होतीस ना तिथे? तो गोल सांग."

तेव्हा मला कळलं. वेई जीला तो गोल आठवत नाही. सामन्याला जाताना बसमध्ये चढलो एवढं आठवतं, आणि पुढे हॉस्पिटल. मधलं सगळं पुसलं गेलंय. चषक, गर्दी, गोल. व्हिडिओ बघायला गेला तर पडद्याचा झगझगाट सोसत नाही. म्हणून व्यायाम झाले की संदेश त्याला तो गोल सांगायचा, दर रविवारी. रेश्मा म्हणाली, "आतून मला ऐकू यायचं. कितव्यांदा सांगतोय असा कंटाळा नाही केला कधी." ज्या सामन्यात या मुलाने उतरू नये म्हणून त्याने नोकरी घालवली, त्या सामन्यातला गोल त्याने असा जपून ठेवला होता.

मग मी सांगायला लागले. मला काय येतंय... मी म्हटलं, डावीकडून पक आली, तू गोलरक्षकाच्या समोर गेलास, खांदा एका बाजूला झुकवलास, तो फसला, आणि तू सरळ मारलास.

"नो," वेई जी डोळे मिटून म्हणाला. "संदेश म्हणाला, बॅकहँड."

"हो, बॅकहँड," मी म्हटलं. "बॅकहँडने उचलून वरच्या कोपऱ्यात मारलास. सगळे उभे राहिले. संदेशही उभा राहिला."

"मग?"

रेश्माने माझ्याकडे बघून हळूच 'नको' अशी मान हलवली. संदेश तिथेच थांबायचा.

"मग काही नाही," मी म्हटलं. "तुम्ही जिंकलात."