फुटामागे एक सूत

मिस्त्रींनी उभ्या आयुष्यात सहल म्हणून केली नव्हती. चाळीस वर्षं फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न घडवणाऱ्या माणसाला कुठली आलीय सहल! लोखंडाचा कुठलाही भाग ओतायचा तर आधी तो लाकडात घडवावा लागतो, मग वाळूत त्याचा ठसा उठवायचा आणि त्यात रस ओतायचा. पण लाकडातला भाग थोडा मोठा करावा लागतो, कारण लोखंड गार होताना फुटामागे एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा, आकसतं. त्यासाठी मिस्त्रींकडे खास पट्टी होती. तिच्यावरचा फूट बाजारातल्या फुटापेक्षा सूतभर लांब. तिने साधं कपाट करायला जाल तर फजिती ठरलेली, म्हणून ते तिला कुणाचा हात लागू देत नसत. बायको हयात असताना तिने एकदा पडद्याचं कापड मोजायला ती उचलली, तर या गृहस्थाने दोन दिवस अबोला धरला होता.

थंडीच्या तोंडावर डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि लेकीने त्यांना आपल्याकडे नेलं. “बाबा, फक्त थंडीपुरतं हं. थंडी सरली की तुम्ही आणि तुमची शेड!” शेड त्यांच्या घराच्या मागे होती, कुलपात. फाउंड्री बंद पडून बारा वर्षं झाली तरी मिस्त्री रोज सकाळी तिथे जाऊन काही ना काही घडवत असत. लेकीच्या हॉलमध्ये टीव्हीसमोर बसून त्यांचा जीव नुसता उबगला होता. एक एक दिवस ते ढकलत होते.

म्हणून रविवारी लेक म्हणाली, “चला, आज छोटी छोटी गावं बघू, म्युझियम बघू, बाहेर जेवू,” तेव्हा तेवढाच एक दिवस सरेल म्हणून ते कानटोपी घालून तयार झाले.

पहिल्या गावात धुकं इतकं की दुकानांच्या पाट्याही दिसेनात. तिथल्या म्युझियममध्ये घड्याळंच घड्याळं, आणि एकाचाही मेळ दुसऱ्याशी नाही. मिस्त्री खूश झाले. “इथे नोकरी करणाऱ्याला उशीर कधी होतच नसेल,” ते जावयाला म्हणाले. जावई हसला, पण जरा जास्तच हसला. दुसऱ्या गावात जेवण झालं. लेकीने त्यांचं आवडतं टोमॅटोचं सूप मागवलं, स्वतः फुंकर घालून दिलं. “पुढच्या गावात तुमच्यासाठी गंमत आहे,” ती म्हणाली. मिस्त्रींना भरून आलं. पोर आपल्यासाठी किती करते, असं त्यांना वाटलं. वाटलं ते वाटलं बिचाऱ्यांना.

तिसऱ्या गावातलं म्युझियम नवंकोरं होतं. रंगाचा वासही गेला नव्हता. मिस्त्रींची नजर वस्तूंकडे जायच्या आधी कपाटांकडे गेली. प्रत्येक कपाटाची काच अपुरी, फटीत रबर कोंबलेलं.

“कुणाचा हा उद्योग?” म्हणत त्यांनी फटीवर बोट ठेवलं. चार फुटांच्या कपाटाला अर्धा इंच, म्हणजे चार सूत. शेजारच्या दोन फुटीला दोन सूत. मिस्त्रींचं हसू ओसरलं. धांदरट सुतार असा हिशेबाने चुकत नाही. काचवाल्याने काच बाजारच्या फुटाने कापली होती, आणि लाकूड कुणीतरी लांब फुटाने मोजलं होतं. तसली पट्टी वापरणारा या भागात एकच म्हातारा उरला होता. त्याची पट्टी कुलपात होती.

“शेडची किल्ली कुठंय?” त्यांनी लेकीला विचारलं.

“ओळखलंत वाटतं!” लेकीने टाळी वाजवली आणि हाताला धरून त्यांना आतल्या खोलीत नेलं.

दोरीच्या पलीकडे त्यांचं बाक होतं. त्यांचे रंधे, त्यांच्या पटाश्या. फळ्यांवर दातेरी चाकांचे पॅटर्न ओळीने मांडलेले. भिंतीवर त्यांचा फोटो आणि खाली चौकटीत पत्र: मी हे सर्व स्वखुशीने भेट देत आहे. खाली त्यांचीच सही. ऑपरेशनच्या वेळी लेकीने पुढे केलेल्या ढीगभर कागदांवर त्यांनी डोळे झाकून सह्या केल्या होत्या. पोटच्या पोरीचे कागद कुणी वाचतं का?

“आवडलं?” लेकीने विचारलं. “तुमचं नाव कायमचं राहील आता.”

“मला विचारलं का नाहीस?”

“तुम्ही नाही म्हणाला असतात.”

“हो. म्हणालो असतो.”

लेकीचे डोळे भरले. “मला वाटलं, तुम्हाला आनंद होईल.”

“खोटं बोलू नकोस. आनंद होईल असं वाटलं असतं, तर आधी सांगितलं असतंस.”

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि वर टाळ्याही वाजवायच्या! जावयाने फोटोसाठी मोबाइल वर धरला होता, तो त्याने हळूच खिशात घातला. म्युझियमच्या बाईंनी खुर्ची आणून दिली, पण मिस्त्री बसले नाहीत. तडक गाडीकडे गेले.

“मला माझ्या घरी सोडा,” ते जावयाला म्हणाले. “हत्यारं नसली तर नसली. नवी घेईन.”

जावयाने लेकीकडे पाहिलं. लेक जमिनीकडे बघत म्हणाली, “बाबा, तिथे भाडेकरू आहेत. त्यांना गाडी लावायला जागा हवी होती, म्हणून शेड पाडली.”

“कधी?”

“तुम्ही इस्पितळात होता तेव्हा.”

तेव्हा थंडी अजून सुरूही झाली नव्हती.