हर्षालीचा ओव्हरटाइम

आपल्या मुलीच्या हातून काही तडीस जात नाही, ही शालनची धास्ती जुनीच. हर्षालीचा हार्मोनियमचा क्लास चार महिन्यांत सुटला, चित्रकलेची परीक्षा अर्धवट राहिली, मग जर्मन भाषा. आता सव्विसाव्या वर्षी ती चाकणच्या एका कंपनीत गाड्यांचे सुटे भाग तपासत होती आणि म्हणत होती, नोकरी सांभाळून आजीच्या बावीस गुंठ्यांत गुलाब लावते. कपडे वाळत घालतानाही शालनच्या मनात तेच घोळत राही. हेही सोडून दिलं तर?

आजी म्हणजे हर्षालीच्या वडिलांची आत्या, ठकुबाई. चाकणपलीकडच्या वाडीत एकटी राहायची. घरातल्या पोरीला रान द्यायचं तर तिच्या आईचा शब्द घ्यायचा, ही तिची रीत. आईने स्वतः सांगितलं तर रान हर्षालीचं, नाहीतर सोमवारपासून पुतण्या सयाजी तिथे ट्रक उभे करायला जागा देणार होता. आठ दिवस झाले तरी शालनने शब्द दिला नव्हता.

गुलाबांचं वेड तीन वर्षांपूर्वी पिंपळे गुरवच्या गच्चीवर सुरू झालं होतं. हर्षालीने हायवेवरच्या नर्सरीतून मुठीएवढ्या फुलांची झाडं आणली. मे महिन्यात कळ्या अर्ध्या उमलून करपल्या. मग तिने चारी बाजूंनी हिरवी जाळी ताणली. सेकंड शिफ्ट करून आली की दिवसभर तापलेल्या झाडांना पाइपने डोक्यावरून आंघोळ घालायची. जाळीत वारा नाही, पानं रात्रभर ओली. पानांवर काळे ठिपके आले, ती पिवळी पडून गळाली, आणि दोन उन्हाळ्यांत कुंड्यांमध्ये नुसत्या काड्या उरल्या. शालनने तिथे कोथिंबीर पेरली. तिला वाटलं, झालं, हेही सुटलं.

या गुरुवारी हर्षालीने तिला स्कूटरवर मागे बसवलं आणि वाडीला नेलं. नाही म्हणायचंच असेल तर जागा बघून म्हण, एवढंच ती म्हणाली.

मे संपत आला होता. आभाळ भरून यायचं आणि तसंच राहायचं, अंगाला कपडे चिकटत होते. विहिरीला वळसा घालून शालन पुढे गेली आणि जागीच थांबली. रानाच्या कोपऱ्यात गुलाबांच्या तीन ओळी होत्या. फुलं लहान, गावठी, गुलाबी, पण इतकी की खालची पानं शोधावी लागत. त्या उकाड्यातही वास असा की तिने नकळत पदराने तोंडावरचा घाम टिपला आणि पुन्हा खोल श्वास घेतला. दोन झाडांमधून माणूस सहज जाईल एवढी जागा. बुडाशी चाकणच्या बाजारातून आणलेली कांद्याची टरफलं जाड पसरलेली. तिने टरफलांखाली बोट घातलं. माती गार होती.

ठकुबाई बांधावर बसली होती. "ही तुझी लेक गेल्या साली रडत आली माझ्याकडं. म्हनली, आजी, तुझा बांधावरचा गुलाब उन्हाळ्यात मरत कसा न्हाई? म्या म्हनलं, त्याला कुनी रात्रीची आंगुळ घालत न्हाई म्हनून."

हर्षाली हसत होती. त्याच बांधावरच्या झाडाच्या फांद्या तिने लावल्या होत्या. पाणी सकाळी, तेही मुळाशी.

शालनने विचारलं, हे सगळं केलं कधी?

"दर गुरवारी येती की," ठकुबाई म्हणाली. "सकाळी साडेसहाला हजर. वरीस झालं."

दर गुरुवारी, म्हणजे कंपनीच्या सुट्टीच्या दिवशी, हर्षालीला ओव्हरटाइम असायचा. निदान शालनला तरी तसं ठाऊक होतं. पहाटे उठून ती डबा भरून द्यायची, जरा जास्तच, कारण पोरगी सुट्टीच्या दिवशी राबते.

"म्हणजे वर्षभर माझा डबा तुम्ही खाल्लात, आत्याबाई?"

"व्हय. मेथी तेवढी कडू करतीस."

शालन लेकीकडे वळली. सांगितलं का नाहीस, असं तिने विचारलं तेव्हा हर्षाली टरफलं सारखी करत म्हणाली, "सांगितलं असतं तर दर आठवड्याला विचारलं असतंस, अजून चालू आहे का गं?"

शालनने अगदी हेच विचारलं असतं. मग तिला हसू फुटलं, आणि ते थांबेचना.

तिथेच होकार द्यायला तिने तोंड उघडलं, पण ठकुबाईने हात वर केला. "फुलं बगून बोलू नगंस, सूनबाई. घरी जा, डोकं थंड कर, मंग फोन कर."

संध्याकाळी डोकं थंड झालं तशी धास्ती परत आली. तीन ओळी वेगळ्या, बावीस गुंठे वेगळे. मग शालनला श्रावणातला एक गुरुवार आठवला. अंगात ताप असताना हर्षाली डबा घेऊन निघाली होती, आणि शालनने गॅलरीत उभं राहून कंपनीच्या नावाने बोटं मोडली होती. तो ताप, ती चिखलाची वाट, आणि पोरगी गेली कुठे, तर रानात लावलेल्या त्या काड्यांना पालवी फुटली का बघायला.

ठकुबाई साडेआठला झोपते. शालनने घड्याळ पाहिलं, ओले हात पुसले आणि फोन हातात घेतला.