कमिश्नरला जेवू घातलं तेव्हा

वसंता गेल्याचं मला रामाकोन्याच्या स्टँडवर कळलं, सौंसरहून आलेल्या बसच्या कंडक्टरकडून. "मास्तर, तुमचे वकीलसाहेब गेले सकाळी," एवढं सांगून त्यानं घंटी मारली आणि बस निघून गेली. मी आपला हातात पिशवी धरून उभाच... सौंसरच्या कोर्टात त्यानं वीसेक वर्षं वकिली केली, सारा तालुका त्याला वकीलसाहेब म्हणायचा. मी पहिलीपासून त्याच्याबरोबर एका बसकरावर बसलो, त्यामुळे माझ्यासाठी तो वसंताच.

ब्याऐंशीच्या हिवाळ्यात माझ्या संत्र्याच्या बगीच्याला लागून शेजारच्या गणपतरावांनी विटांची भट्टी लावली. वारा नेमका माझ्या बगीच्याकडे वाहणारा. आंबिया बहाराचं फूल फुटायला आणि धूर यायला एकच गाठ पडली. सकाळी जावं तर झाडाखाली फुलांचा सडा! आमच्या घराचं अख्खं वर्ष त्या फुलांवर. मी तणतणत वसंताकडे गेलो, म्हटलं त्याला जेलात टाक. तो हसला. हे फौजदारी नाही, दिवाणी आहे, म्हणाला. जमीन त्याची, भट्टी त्याची, पण धूर तुझ्या हद्दीत येऊन नुकसान करत असेल तर त्याला जाब विचारता येतो, तुमच्यात करार असो की नसो. मात्र फूल धुरानंच गळलं, पाणी कमी पडून नाही, हे दाखवायची जबाबदारी आपली. त्यानं दावा लावला, निकालापर्यंत भट्टी बंद ठेवावी म्हणून अर्जही दिला. जागा पाहून अहवाल द्यायला कोर्टानं एका तिऱ्हाईत वकिलाला कमिश्नर नेमलं.

इथं मी शेण खाल्लं. पाहणी झाली, गणपतरावांची माणसं निघून गेली, कमिश्नर मात्र बसची वाट पाहत थांबला. आता आपल्या बगीच्यात आलेला माणूस भरदुपारी उपाशी जातो काय? बायकोनं वांग्याची भाजी-पोळी वाढली, आणि निघताना मी दुसऱ्या तुकड्यातल्या, पावसाळ्यात फुललेल्या मृग बहाराच्या संत्र्यांची एक करंडी बसवर चढवून दिली. अहवाल आमच्या बाजूनं आला. मी खुशीत येऊन हे सगळं वसंताला सांगितलं, तर त्याचा चेहराच उतरला.

तारखेला तो उभा राहिला आणि कोर्टाला आपणहून सांगून मोकळा झाला, की माझ्या अशिलानं कमिश्नरला जेवू घातलं, संत्री दिली, त्याच्या मनात पाप नव्हतं, तरी हा अहवाल बाजूला ठेवून दुसरा कमिश्नर पाठवावा. झालं! तीन आठवडे त्यात गेले आणि तिकडे रोज फूल गळतंय. कोर्टाबाहेर मी त्याला वाट्टेल ते बोललो, तू माझा वकील आहेस का गणपतरावाचा, इथपर्यंत.

"आपण सांगितलं तर चूक असते, त्यायनं सांगितलं तर लाच," तो म्हणाला. "तुले आता नाही समजून राहिलं."

नाहीच समजलं. दुसरा कमिश्नर आला, दोन्ही पक्षांसमोर पाहणी करून गेला, पाणीसुद्धा प्याला नाही. बायको दिवसभर चुटपुटत राहिली. स्टे मिळाला, भट्टी थंड झाली, निम्मा बहार वाचला. पुढे दावाही जिंकलो. पण गेलेल्या निम्म्या बहाराबद्दल मी वसंताला वर्षानुवर्षं टोमणे मारले. तो हसत ऐकून घ्यायचा. त्या टोमण्यांची मला आज लाज वाटते.

वसंताच्या तेरवीच्या पंगतीत गणपतराव माझ्या शेजारी येऊन बसले. पत्रावळीकडे पाहत हळूच म्हणाले, "मास्तर, त्या तारखेले अर्ज तयार होता, माह्या खिशात. तुम्ही करंडी चढवताना माह्या माणसानं पाह्यलं होतं. लाच दिली म्हणून तुमचा दावाच बुडवणार होतो. पण वकीलसाहेब आधीच उठले..."

मी तसाच पानावरून उठलो. हात धुऊन मी वसंताच्या बैठकीत गेलो आणि पक्षकारांच्या बाकावर बसलो. समोर त्याची खुर्ची, टेबलावर तारखांची डायरी, पुढच्या महिन्याची पानंसुद्धा त्याच्या अक्षरानं भरलेली. खोलीत कोणी नव्हतं.

"बरोबर होतं बे तुह्यं," मी म्हणालो.