माह्या नावानं एक

सोपानभाऊ पंगतीत वाढायला आले की मी पत्रावळीवर दोन्ही हात आडवे धरायचो. काही उपयोग व्हायचा नाही. हातांच्या फटीतून बट्टी यायची, तिच्यावर वरण आणि वरणावर तूप. "पुरे भाऊ, पोट फुटन," म्हटलं की उत्तर ठरलेलं: "माह्या नावानं एक! फुटलं तं शिवून घे, टेलर हायेस ना बे तू." मोताळ्यात त्यांचं बी-बियाण्यांचं दुकान होतं आणि त्याला लागून माझं शिलाईचं. त्यांचं दुकान आता दुसऱ्याने घेतलंय. पण पंचक्रोशीत त्यांना दुकानदार म्हणून कोण ओळखत होतं? लग्न असो, बारसं असो, आग्रह करायला सोपानभाऊच लागायचे. स्वतःही पोटभर खायचे. दर दिवाळीला त्यांच्या पँटींची कंबर सैल करून द्यायचं काम माझ्याकडे असे.

असा हा माणूस एका संध्याकाळी माझ्या चहाला नाही म्हणाला. मला रागच आला. आमच्याकडे चहा नाकारणं म्हणजे भांडण उकरून काढणं. "सहा वाजले बे, शटर डाऊन!" असं म्हणून त्यांनी पोटावर थाप मारली. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, एवढ्या वेळात काय ते खायचं. बाकी नुसतं पाणी. पहाटे उठून राजूर घाटाच्या दिशेने चालायलाही जाऊ लागले. "काऊन भाऊ, हिरो व्हाचं हाय काय?" असं टपरीवरची पोरं विचारायची. "हाव," म्हणून भाऊ पुढे निघायचे. शेजारच्या काकूंना वाटलं, त्यांनी रोजचा उपास धरलाय. त्या बिचाऱ्या रात्री साबुदाण्याची खिचडी पाठवायच्या. ती भाऊ माझ्याकडे सरकवायचे. त्यांचं वजन उतरत होतं आणि माझं चढत होतं.

पण मागून लोक वेगळंच बोलायचे. भाऊंच्या बायकोच्या, वच्छलावहिनींच्या, दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून दोनदा भाऊ त्यांना डायलिसिसला बुलढाण्याला न्यायचे. घरात बायको अशी, आणि याला पोट कमी करायचं सुचतं, असं लोकांचं म्हणणं. खरं सांगायचं तर मलाही ते कोड्यात टाकायचं.

रोहिणखेडला एक लग्न होतं. संध्याकाळची पंगत बसली, भाऊंनी सगळ्यांना वाढलं आणि स्वतः मात्र बसेनात. नवरीचा बाप त्यांचा जुना दोस्त. तो बुंदीचा लाडू घेऊन आला आणि थेट तोंडाशी धरला. "दुसऱ्याले कोंबता, अन् सोता उपाशी? माह्या नावानं एक!" भाऊंनी त्याचा हात धरून हळूच खाली केला, हात जोडले. "माफ कर गड्या." तो चिडला. "माह्या घरचं अन्न गोड लागत नाही काय आता?" चारचौघांत भाऊंची मान खाली गेली.

परतताना गाडीवर मी न राहवून बोललो, "एक लाडू खाल्ला असता तं काय आभाळ कोसळलं असतं, भाऊ?"

त्यांनी मला गाडी बाजूला घ्यायला लावली. "तुह्या वहिनीले माही किडनी जमू शकते. पण डॉक्टर म्हनते, एवढं वजन असल्यावर घेता येत नाही. आधी उतरवा, मंग पाहू."

"वहिनीले माहीत हाय?"

"नाही. उतरलं तरच सांगीन. उगाच आस काऊन लावू तिले?"

मी म्हणालो, "भूक लागत असन ना रातच्याला?"

"लागते ना. पन मले पानी तं पोटभर भेटते बे. तिले तेही नाही, किडन्या बंद हायेत ना. माह्या हातानं मापून देतो मी तिले, घोटघोट. ते गिलासाकडे पाहत राह्यते. मंग माह्यावाला कायचा उपास?" बोलता बोलता भाऊ रडायला लागले. मीही रडलो, रस्त्याच्या कडेला, लग्नातल्या नव्या शर्टात.

त्यानंतर पंगतीत भाऊंचा आग्रह बंद झाला. कुणी हात आडवा धरला की ते गुपचूप पुढे जायचे. "ज्याच्या पोटातलं त्याले माहीत," म्हणायचे. लोकांना चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. मी मात्र त्यांच्या पँटींची कंबर आत घेत राहिलो. शेवटी डॉक्टर हो म्हणाले, आणि भाऊंनी घरी सांगितलं. वहिनी कडाडल्या, "तुमाले काही झालं तं मी कोनाच्या तोंडाकडे पाहू?" दोन दिवस त्या बोलल्या नाहीत. मग त्यांनीच उठून दोघांची पिशवी भरली.

ऑपरेशन संभाजीनगरला झालं. सुट्टी मिळाल्यावर दोघं दवाखान्याजवळच खोली घेऊन राहिले होते. मी भेटायला गेलो आणि तोंडाला मास्क लावून दारातच उभा राहिलो. भाऊ एका खाटेवर, वहिनी दुसरीवर. डॉक्टरांनी वहिनींना आता भरपूर पाणी प्यायला सांगितलं होतं. पण सवय कुठे सुटते? त्यांनी दोन घोट घेतले आणि भरलेला पेला भीतभीत खाली ठेवला.

भाऊ टाक्यांवर हात दाबून उठले. पेला उचलून त्यांनी वहिनींपुढे धरला.

"पुरे आता," वहिनी म्हणाल्या.

"पुरे कायचं वं? घे ना, माह्या नावानं एक."