दोन खुर्च्यांमधली शांतता

आत्ता लाईट गेली. पंखा, शेजारचा मिक्सर, समोरच्या दुकानात सकाळपासून लावून ठेवलेलं भजन, सगळं एका दमात थांबलं आणि रविवारच्या दुपारी आमची सोलापुरातली शुक्रवार पेठ अशी काही गप्प झाली, की मीच दचकले. आपण एवढ्या आवाजात बसलो होतो हे आवाज गेल्यावरच कळतं. तीस वर्षं मुलींना मराठी शिकवल्याची खोड म्हणा, अशा वेळी मला आधी शब्द सुचतात. ही शांतता नव्हे, ही सामसूम. सामसूम रस्त्याची असते, शांत माणूस असतो. गप्प आपण होतो किंवा कुणीतरी आपल्याला करतं. निमूट माणसाच्या घशात काहीतरी गिळलेलं असतं. मुकाट्यानं केलेल्या कामात राग असतो, मौनात थोडी ऐट असते, आणि अबोला तर एकट्याला धरताच येत नाही, त्याला समोर हक्काचं माणूस लागतं. पण ह्या सगळ्यांत माझा जीव अडकलाय तो ‘निवांत’ ह्या शब्दात. तो मला कधी मिळाला नाही. माझ्या डोळ्यांदेखत तो दुसऱ्यालाच मिळत राहिला.

समोर खिडकीपाशी दोन खुर्च्या आहेत. एक माझ्या वडिलांची, दुसरी त्यांच्या दोस्ताची. दोघांनी चादरीच्या एकाच कारखान्यात शेजारशेजारच्या मागांवर उभी हयात काढली. वडिलांना मी अण्णा म्हणायची, आणि दोस्ताला काका. काका शहराच्या पूर्वभागातल्या विणकर वस्तीतले, घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि दोन्ही भाषांत आवाज असा, की गल्लीच्या तोंडाशी भाजीवालीशी बोलले तरी आम्हाला घरात कोथिंबिरीचा भाव कळावा. मी तेव्हा बार्शीला शिकवत होते. शनिवारी सकाळची शाळा सुटली, की एसटीनं सोलापूर गाठायचं आणि सोमवारी पहिल्या गाडीनं परत. आई गेल्यावर अण्णा एकटेच होते. म्हणजे अख्ख्या आठवड्यात बापलेकीच्या वाट्याला आलेला दिवस एकच, रविवार. आणि नेमके त्याच दिवशी, अकराच्या ठोक्याला, काका हजर.

मला त्यांचा हेवा वाटायचा. साधासुधा नाही, पोटात दुखेल एवढा. कारण माझ्याशी अण्णांचं बोलणं म्हणजे नुसतं ‘हं’. सकाळपासून भाकऱ्या थापता थापता मी त्यांना आठवडाभराचं सगळं सांगायची. मुख्याध्यापिकांचा तोरा, कुठल्या मुलीनं निबंधात काय लिहिलं, घरमालकीणबाईंची कुरकुर. मागून, स्वयंपाकघराच्या दाराशी बसलेल्या अण्णांचं ‘हं’ यायचं, अगदी वेळच्या वेळी, पण त्यापुढे अक्षर नाही. अण्णांना शांतता आवडते, अशी मी मनाची समजूत घातली होती. टीव्हीसुद्धा ते आवाज बंद करून बघत. मग काका येत आणि समोरच्या खुर्चीत बसत. अण्णांची पाठ स्वयंपाकघराकडे, काकांचं तोंड माझ्याकडे, तोंडात सदानकदा तंबाखू चघळणं चाललेलं. दोघं तास-दीड तास तसेच बसत. चकार शब्द नाही! मधेच अण्णांचे खांदे हसल्यासारखे हलत, मधेच ते मान डोलावत. गल्ली डोक्यावर घेणारा माणूस माझ्या बापासमोर बसला की निवांत होतो, आणि शब्दांवर पोट भरणारी मी मात्र त्या निवांतपणात पाय ठेवला की दोघंही चुळबुळत सावरून बसतात, हे बघून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी चहा आपटून ठेवायची. एकदा तर काकांना दारातच सांगितलं, की अण्णा झोपलेत. ते ‘बरं बरं’ म्हणत परत गेले. अण्णा खिडकीशी त्यांची वाट बघत दुपारभर बसून राहिले आणि मी त्यांना काही सांगितलं नाही.

दोन वर्षांपूर्वी अण्णा गेले. त्याच्या जेमतेम महिनाभर आधी मी निवृत्त होऊन ह्याच घरात राहायला आले होते. तेरावं झालं आणि पुढच्या रविवारी, अकराच्या ठोक्याला, काका आले. सवयीनं आपल्या खुर्चीत बसले. मीही त्या दिवशी स्वयंपाकघरात न जाता त्यांच्यासमोर, अण्णांच्या खुर्चीत बसले. काकांचं चघळणं सुरूच. थोड्या वेळानं मी चिडूनच विचारलं, “काका, तोंडात आहे तरी काय एवढं?”

काका चपापले. “काय न्हाय की तोंडात,” ते म्हणाले. “बोलतोय तुज्यासंगं. अण्णाची खुर्ची म्हणल्यावर इसरलो बग.”

मला अर्थबोध होईना. मग त्यांनीच सांगितलं. “मागाच्या खडखडाटात कोण कुणाचं ऐकतंय? आमी समदे असंच बोलायचो, नुसत्या ओठानं. आन अण्णाला तर कारखाना सुटायच्या आधीपास्नंच लई कमी ऐकू यायचं. समोर बसलं की ओठ वाचायचे, म्हणून कुणाला पत्ता लागला न्हाय.”

म्हणजे ते दोघं त्या खुर्च्यांत गप्प नव्हतेच. वर्षानुवर्षं, माझ्या डोळ्यांसमोर, भरभरून बोलत होते. आणि मी इकडे स्वयंपाकघरात, अण्णांकडे पाठ करून, भिंतीला गोष्टी सांगत होते.

“मला का नाही सांगितलं?” माझा आवाज चढला.

“मी म्हणलं व्हतं, सांगा पोरीला. तर म्हणले, आठवडाभर वर्गात वरडती, हितं येऊन बहिऱ्या बापापुढं आनि वरडायला नको.” काकांनी स्वयंपाकघराकडे बोट केलं. “तू गॅसकडं तोंड करून बोलायचीस न्हवं? भाकरी थापताना तुजे हात थांबले, की हं म्हणायचं, असं ठरवलं व्हतं त्येनी.”

मी उठून मोरीत गेले आणि नळ सोडून रडले. अण्णांचा रागही आला. पण खरं सांगते, त्या रडण्यातही निम्मा हेवाच होता. माझे हात कधी थांबायचे हे अण्णांना माहीत होतं, आणि हे काकांना माहीत होतं, फक्त मलाच नव्हतं. शांततेचे दहा प्रकार फळ्यावर लिहून देणाऱ्या बाईंना ऐकू न येणं हा अकरावा प्रकार आपल्याच घरात ओळखता आला नाही.

तेव्हापासून काका दर रविवारी येतात आणि मी समोर बसते. ते मला ओठ वाचायला शिकवतात. मी मठ्ठ विद्यार्थिनी आहे. सुरुवातीलाच ते म्हणाले होते, “तुज्याबद्दल अण्णा एक वाक्य सारकं म्हणायचे.” मी म्हटलं, सांगा. त्यांनी आवाजाशिवाय सांगितलं. मला काही कळलं नाही. मी म्हटलं, मोठ्यानं सांगा, हात जोडते. त्यावर त्यांनी मान हलवली. “मोठ्यानं त्येनी कदी म्हणलंच न्हाय की. जसं दिलं तसंच देणार.” दर रविवारी उठायच्या आधी ते तेवढं वाक्य एकदा म्हणतात. मी डोळे फाडून बघते आणि प्रत्येक वेळी ते माझ्या हातून निसटतं. ह्या म्हाताऱ्याच्या तोंडात माझ्या बापाचं वाक्य आहे आणि मला ते मागून घ्यावं लागतंय, ह्या विचारानं अजूनही माझ्या नाकाला मिरच्या झोंबतात.

आजही ते म्हणाले आणि गेले. पण आज माझी नजर हलली नाही. ओठ मिटले, गोल झाले, आणि थोडं पुढे पुन्हा मिटले. पोरगी माझी. पुढचं अजून कळायचंय, कदाचित कधी कळणारही नाही. पण हे दोन शब्द अण्णा त्या खुर्चीत बसून वर्षानुवर्षं म्हणत आले, आणि त्यात काकांचा काडीचाही वाटा नाही.